फ्रेमवर्क कोणतं घ्यायचं? बीई प्रोजेक्टवाल्यांसाठी एक अभ्यास

फायनल इयरला गेलं की पहिला फॉर्म हातात पडतो तो प्रोजेक्टच्या सिनॉप्सिसचा. ग्रुपचं नाव, गाइडचं नाव, प्रोजेक्टचं टायटल हे सगळं भरून झालं की खाली एक छोटा रकाना असतो: 'वापरण्यात येणारे तंत्रज्ञान'. हा रकाना भरायला आपण किती वेळ देतो? फार तर पाच मिनिटं! शेजारचा ग्रुप 'मर्न' लिहितोय म्हणून आपणही मर्न लिहितो, नाहीतर सीनियरने 'जँगो कर, सोपं आहे' म्हटलं म्हणून जँगो.

आणि मग त्या पाच मिनिटांच्या निर्णयाबरोबर चार जण आठ महिने संसार करतात. प्रोजेक्ट खरंच कोणी वापरणार असेल तर त्यांच्यानंतर ज्युनियर्सही करतात. म्हणून या लेखात वेब अ‍ॅप्लिकेशनसाठी फ्रेमवर्क कसं निवडायचं याचा जरा शिस्तीत विचार करू. 'चौकट' हा मराठी शब्द आहे, पण लॅबमध्ये तो कोणी बोलत नाही, त्यामुळे मी फ्रेमवर्कच म्हणणार आहे. मराठीच्या सरांनी क्षमा करावी!

१) फ्रेमवर्क म्हणजे नेमकं काय?

लायब्ररी आणि फ्रेमवर्क यातला फरक व्हायव्हामध्ये हमखास विचारतात. पुस्तकी उत्तर आहे 'इन्व्हर्जन ऑफ कंट्रोल'. आता हे लग्नघरात जाऊन समजून घेऊ.

भाड्याने आणलेली भांडी म्हणजे लायब्ररी. पातेलं कधी काढायचं, त्यात काय शिजवायचं, हे तुम्ही ठरवता. फ्रेमवर्क म्हणजे लग्नाचे गुरुजी. विधींचा क्रम त्यांचा. ते म्हणतात, 'मुलीच्या मामांना बोलवा', की मामांनी यायचं, आपलं काम करायचं आणि बाजूला व्हायचं. मामा कितीही हौशी असले तरी मध्येच उठून मंगलाष्टकं सुरू करू शकत नाहीत! आपला कोड म्हणजे मामा. ब्राउझरकडून रिक्वेस्ट येते, फ्रेमवर्क तिचा पत्ता बघतं, लॉगिन तपासतं, आणि योग्य वेळी आपल्या फंक्शनला हाक मारतं.

याचा फायदा असा की क्रम चुकत नाही. तोटा असा की गुरुजींची पद्धत पटली नाही तर पूर्ण लग्नभर कुरबुर चालू राहते. निवड महत्त्वाची आहे ती यासाठी.

२) जन्मकथा वाचा, स्वभाव कळेल

माणसाचा स्वभाव घरावरून कळतो म्हणतात. फ्रेमवर्कचंही तसंच आहे. ते कोणत्या अडचणीतून जन्माला आलं हे बघितलं की ते कशासाठी चांगलं हे निम्मं कळतं.

जँगो: अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 'लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड' नावाचं वर्तमानपत्र आहे. २००३ साली तिथे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन यांनी आपल्या वेबसाइट्ससाठी पायथॉनमध्ये हे लिहायला घेतलं. जुलै २००५ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. वर्तमानपत्रात काय लागतं? मजकूर झटपट चढवता आला पाहिजे, आणि तो चढवणारा माणूस प्रोग्रामर नसणार. म्हणून जँगोमध्ये 'अ‍ॅडमिन' हा तयार पॅनेल पहिल्यापासून इतका महत्त्वाचा.

रूबी ऑन रेल्स: डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प हे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं अ‍ॅप बनवताना त्यातला पुन्हा वापरता येणारा भाग वेगळा काढला आणि २००४ मध्ये प्रसिद्ध केला. 'प्रत्येक गोष्ट कॉन्फिगर करत बसू नका, ठरलेला रिवाज पाळा' हा विचार रेल्सने लोकप्रिय केला. पुढे आलेल्या बहुतेक फ्रेमवर्क्सवर त्याची छाप आहे.

स्प्रिंग: जुन्या एंटरप्राइझ जावामधल्या अवजडपणाला कंटाळून रॉड जॉन्सन यांनी २००२ साली एक पुस्तक लिहिलं, आणि त्यातल्या कोडमधून स्प्रिंग उभं राहिलं. पहिली आवृत्ती २००४ ची. त्याचंही कॉन्फिगरेशन फुगत गेलं, म्हणून २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आलं. बँका, विमा कंपन्या, मोठ्या टीम्स हे याचं माहेर.

लाराव्हेल: २०११, टेलर ऑटवेल. त्या वेळच्या कोडइग्नायटरमध्ये लॉगिनसारख्या रोजच्या गोष्टी तयार मिळत नव्हत्या, म्हणून हे लिहिलं गेलं. पीएचपीवाल्यांसाठी सगळं तयार आणि नीटनेटकं.

एक्सप्रेस: २००९ मध्ये रायन डाल यांनी नोड आणलं, आणि २०१० मध्ये त्यावर एक्सप्रेस आलं. हे मुद्दाम सडपातळ ठेवलेलं आहे. रस्ता दाखवतं, बाकी सामान तुमचं तुम्ही आणा. मर्नमधला 'ई' तो हाच. त्यातला 'आर' म्हणजे रिअ‍ॅक्ट, फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली स्क्रीन बनवण्याची लायब्ररी. रिअ‍ॅक्ट सर्व्हरचं काम करतं असं समजून 'जँगो की रिअ‍ॅक्ट?' असा वाद कट्ट्यावर रंगतो, पण ती तुलनाच चुकीची आहे. दोघं एकाच प्रोजेक्टमध्ये सुखाने राहू शकतात.

३) आपलं उदाहरण: मेसचे खाडे

हवेत तुलना करून उपयोग नाही. म्हणून एक प्रोजेक्ट समोर ठेवू: हॉस्टेलच्या मेसचं खाडे आणि बिलाचं अ‍ॅप.

खाडा म्हणजे काय हे होस्टेलाइट्सना सांगायला नको. आदल्या दिवशी कळवून घरी गेलं की तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होतात. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरत नाहीत, असा नियम बऱ्याच मेसमध्ये असतो. हिशोब वहीत, आणि महिन्याच्या शेवटी त्या वहीसमोर वादावादी! दिवसाचे १०० रुपये धरले आणि सहा दिवसांची नोंद राहिली, तर एका मुलाचे ६०० रुपये गेले. ज्याच्या घरून महिन्याला मोजून पैसे येतात त्याच्यासाठी ही रक्कम लहान नाही. आणि नोंद जास्त झाली तर नुकसान मेसवाल्या काकांचं. म्हणजे अ‍ॅप दिसायला साधं असलं तरी त्यात लोकांचे पैसे आहेत, शिवाय चारशे मुलामुलींचे फोन नंबर आणि 'कोण कधी खोलीवर नाही' ही माहिती. मुलींच्या हॉस्टेलसाठी ही शेवटची माहिती किती नाजूक आहे ते सांगायला नकोच.

गरजा अशा: विद्यार्थ्याने लॉगिन करून खाडा टाकायचा, मेस सेक्रेटरीने मंजूर करायचा, काकांना उद्या किती ताटं ते कळायचं, आणि महिनाअखेर बिल निघायचं.

४) चार उमेदवार, एक मेस

जँगो: विद्यार्थी, खाडा, दर अशी मॉडेल्स लिहिली की काकांसाठी आणि सेक्रेटरीसाठी अ‍ॅडमिन स्क्रीन जवळजवळ फुकट मिळते. लॉगिन, परवानग्या, फॉर्मची तपासणी आतच आहे. तोटा: रिवाज शिकायला पहिले काही दिवस जातात, आणि पायथॉन साध्या स्वस्त होस्टिंगवर चढवणं पीएचपीइतकं सोपं नाही.

लाराव्हेल: तयार गोष्टींच्या बाबतीत जँगोच्या बरोबरीचं. मोठा फायदा होस्टिंगचा. पीएचपी चालणारा सर्व्हर सगळीकडे स्वस्तात मिळतो, कित्येक कॉलेजांची साइट पीएचपीवरच असते. तोटा: ग्रुपमध्ये पीएचपी कोणी केलेलंच नसेल तर भाषेपासून सुरुवात.

स्प्रिंग बूट: जावा आपल्या सिलॅबसमध्ये असतं, आणि पुण्याच्या आयटी कंपन्यांत त्याला मागणी आहे, हा फायदा खोटा नाही. टाइप्स असल्यामुळे मोठा कोड सांभाळणं सोपं जातं. पण एवढ्याशा मेससाठी शिकण्याचा डोंगर मोठा, आणि छोट्या सर्व्हरवर त्याला रॅमही जास्त लागते.

एक्सप्रेस: पुढे-मागे एकच भाषा, जावास्क्रिप्ट. पहिलं पान अर्ध्या तासात दिसतं. पण नंतर सेशन, तपासणी, परवानग्या, डेटाबेसची लायब्ररी हे प्रत्येक सामान स्वतः निवडून जोडायचं. निवड चांगली केली तर उत्तम. नाही केली तर प्रत्येक फाइलमध्ये वेगळी पद्धत, आणि ज्युनियर्सच्या कपाळाला आठ्या. शिवाय मर्नमध्ये मोंगोडीबी ठरलेलीच म्हणून घेतली जाते. आपला डेटा मात्र विद्यार्थी-खाडा-दर-बिल असा एकमेकांत गुंतलेला, म्हणजे सरळसरळ टेबलांचा. मोंगोमध्ये अनेक डॉक्युमेंट्सवर एकत्र ट्रान्झॅक्शन २०१८ च्या ४.० आवृत्तीपासून करता येतं, पण पैशाच्या हिशोबाला पोस्टग्रेससारखा रिलेशनल डेटाबेस जास्त शोभतो. एक्सप्रेसबरोबर तोही चालतो, एवढं लक्षात ठेवा.

५) सुरक्षा: 'नंतर बघू' चालत नाही

मार्च २०१२ मध्ये एका रशियन तरुणाने गिटहबला दाखवून दिलं की फॉर्ममध्ये एक जास्तीचं फील्ड घुसवून तो नको तिथे परवानगी मिळवू शकतो. गिटहब रेल्सवर होतं, आणि फॉर्ममधून आलेलं सगळं सरळ मॉडेलमध्ये ओतलं जात होतं. याला मास असाइनमेंट म्हणतात. पुढच्या वर्षी आलेल्या रेल्स ४ मध्ये कोणती फील्ड घ्यायची ते स्पष्ट लिहिणं सक्तीचं झालं.

हेच मेसला लावून बघा. खाड्याच्या फॉर्ममध्ये फक्त 'पासून' आणि 'पर्यंत' या तारखा आहेत. एका हुशार मुलाने ब्राउझरमधून तिसरं फील्ड जोडलं: 'मंजूर = हो'. तुमचा कोड आलेलं सगळं तसंच साठवत असेल, तर सेक्रेटरीची गरजच संपली! लाराव्हेलमध्ये भरता येणारी फील्ड सांगावी लागतात, जँगोच्या फॉर्ममध्ये फील्डची यादी देता येते. एक्सप्रेसमध्ये ही चाळणी आपण लावायची.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. अपाची स्ट्रट्स या जावा फ्रेमवर्कमधलं एक भोक मार्च २०१७ मध्ये जाहीर झालं, दुरुस्तीही त्याच वेळी मिळाली. इक्विफॅक्स या अमेरिकन क्रेडिट कंपनीने एका सिस्टिमवर ती लावलीच नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. २०१९ च्या तडजोडीत कंपनीला किमान ५७.५ कोटी डॉलर मोजायला लागले. यातून शिकायचं काय? फ्रेमवर्कमध्ये भोक सापडणारच. प्रश्न असा की दुरुस्ती येते का, आणि ती लावायला कोणी शिल्लक असतं का. आपली बॅच जूनमध्ये पास आउट होते. जुलैमध्ये कोण लावणार?

६) वय आणि अपग्रेड

गुगलचं अँग्युलरजेएस २०१० मध्ये आलं आणि खूप गाजलं. सप्टेंबर २०१६ मध्ये अँग्युलर २ आलं ते जवळजवळ नवीनच होतं, जुना कोड तसाच्या तसा चालेना. जुन्याचा अधिकृत सपोर्ट २०२१ संपताना बंद झाला. म्हणजे फक्त आज किती प्रसिद्ध आहे ते बघू नका. आवृत्ती बदलताना जुन्या लोकांना किती त्रास दिला, हा इतिहासही बघा.

म्हणूनच 'एलटीएस', म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी आवृत्ती घ्यावी. जँगो ५.२ ही एप्रिल २०२५ मध्ये आली, आणि तिला सुरक्षेच्या दुरुस्त्या एप्रिल २०२८ पर्यंत मिळणार आहेत. तीन वर्षं म्हणजे आपल्यानंतरच्या जवळपास तीन बॅच.

७) वेगाचं भूत

'नोड जँगोपेक्षा फास्ट आहे' हे वाक्य ऐकलं नाही असा इंजिनियर सापडणार नाही. जरा हिशोब करू. ४०० विद्यार्थी, सगळे रात्री ८ ते ९ मध्येच आले, प्रत्येकाने ५ पानं उघडली. २००० पानं, ३६०० सेकंद. सेकंदाला एक पानसुद्धा नाही! यातलं कोणतंही फ्रेमवर्क हे काम झोपेत करेल.

ट्विटर २००६ मध्ये रेल्सवर सुरू झालं आणि अफाट वाढल्यावर टप्प्याटप्प्याने जावाच्या जेव्हीएमकडे वळलं, हे खरं आहे. पण गिटहब आणि शॉपिफाय रेल्सवरच मोठे झाले, हेही खरं आहे. ट्विटरचा प्रॉब्लेम यायला आधी ट्विटरएवढी गर्दी यावी लागते.

आपलं अ‍ॅप हळू चालतं त्याचं कारण बहुतेक वेळा वेगळंच असतं. बिल काढताना आधी ४०० मुलांची यादी आणली, मग प्रत्येकासाठी त्याचे खाडे वेगळे विचारले, की झाल्या ४०१ क्वेरी. याला 'एन प्लस वन' म्हणतात. संबंधित खाडे एकदम मागवले की तेच काम दोन क्वेरींत होतं. जँगो, लाराव्हेल, स्प्रिंग सगळ्यांत याची सोय आहे, फक्त वापरायला हवी. फ्रेमवर्क बदलून ४०१ चे दोन होत नाहीत.

८) मराठीची परीक्षा

हा मुद्दा इंग्रजी ट्युटोरियल्समध्ये मिळणार नाही. मेसचे काका मराठी कीबोर्डवर साध्या टेक्स्ट बॉक्समध्ये '१२' ताटं लिहितील. पुढे काय होतं? पायथॉन आणि जावा हे देवनागरी अंक ओळखून बारा करतात. जावास्क्रिप्ट 'हा अंकच नाही' म्हणते. पीएचपीला सरळ पूर्णांक करायला सांगितलं तर शून्य हातात देते, तेही गुपचूप! आधी तपासणी लावली असेल तर अडवलं जाईल, नसेल तर उद्या शून्य ताटं.

दुसरी गंमत नावांच्या क्रमाची. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह'च्या नंतर येतो, पण युनिकोडमध्ये तो 'ल'च्या लगेच पुढे बसवला आहे. 'क्ष' तर क, हलन्त आणि ष असा साठवला जातो, म्हणजे नुसत्या कोडच्या क्रमाने लावलं तर क्षितिजा 'क'मध्ये जाऊन बसते. हे काम फ्रेमवर्कचं नसून डेटाबेसच्या कोलेशनचं आहे. पोस्टग्रेसमध्ये आवृत्ती १० पासून, म्हणजे २०१७ पासून, भाषेप्रमाणे क्रम लावण्याची आयसीयूची सोय आहे. त्यामुळे फ्रेमवर्क निवडताना त्याचं डेटाबेसशी कसं जमतं तेही बघायचं.

९) मग निवडायचं कसं?

थोडं इंटर्नल मार्क्ससारखं करू. प्रत्येक प्रश्नाला ५ पैकी मार्क, आणि प्रत्येक प्रश्नाला वजन. मेससाठी मी अशी वजनं धरली: ग्रुपला येणारी भाषा ३, तयार सुरक्षा ३, पुढच्या बॅचला सोपवणं २, होस्टिंग १, वेग १. एकूण ५० मार्क.

समजा ग्रुपला पायथॉन चांगलं येतं आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी. जँगोला अनुक्रमे ४, ५, ४, ३, ४ दिले, तर १२ + १५ + ८ + ३ + ४ = ४२. एक्सप्रेसला ३, २, २, ३, ५ दिले, तर ९ + ६ + ४ + ३ + ५ = २७. निकाल स्पष्ट आहे.

आता ग्रुप बदलू. यांना जावास्क्रिप्ट उत्तम येतं, पायथॉन नावापुरतं. भाषेचे मार्क जँगोला २ आणि एक्सप्रेसला ५ होतात. जँगो ३६, एक्सप्रेस ३३. फक्त तीन मार्कांचा फरक! मेस तीच, फ्रेमवर्क तीच, पण माणसं बदलली की निकाल डळमळला. म्हणून 'सगळ्यात चांगलं फ्रेमवर्क कोणतं' या प्रश्नाला उत्तर नाही. 'आमच्या चौघांसाठी, या कामासाठी कोणतं' याला आहे.

फरक असा कमी असेल तर दोन दिवसांची चाचणी घ्या. दोन्ही उमेदवारांत एकच गोष्ट बनवा: लॉगिन करून खाडा टाकणे आणि सेक्रेटरीने तो मंजूर करणे. नुसतं 'हॅलो वर्ल्ड' नको, त्यात सगळेच गोड दिसतात. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार गोष्टी तपासा. 'मंजूर = हो' घुसवता येतं का? '१२' लिहिलं तर काय होतं? एरर आल्यावर डॉक्युमेंटेशनमध्ये उत्तर मिळालं का? आणि ज्याने तो कोड लिहिला नाही अशा मैत्रिणीला तो वाचून अर्ध्या तासात कळला का? माझ्या मते ही चौथी परीक्षा सगळ्यात खरी. ज्युनियर्स नेमके तिच्याच जागी असणार आहेत.

राहिला प्लेसमेंटचा मुद्दा. 'कंपन्या अमुकच मागतात' या भीतीने निवड करू नका. इंटरव्ह्यूमध्ये प्रोजेक्टवर 'हेच का घेतलं?' हा प्रश्न येतोच. 'सगळे घेत होते म्हणून' म्हणणाऱ्यापेक्षा, 'या दोघांची तुलना केली, या कारणासाठी हे घेतलं आणि याचा हा तोटा सहन केला' असं सांगणारा कोणालाही आवडेल.

तेव्हा सिनॉप्सिसमधल्या त्या छोट्या रकान्याला पाच मिनिटांऐवजी दोन दिवस द्या, आणि का निवडलं ते एका पानावर लिहून रिपोर्टला जोडा. ऐकावे जनाचे, करावे मनाचे, पण मन बनवण्याआधी हिशोब जरूर करावा. पुढच्या वर्षी तुमचा प्रोजेक्ट हातात घेणारा ज्युनियर ते पान वाचून तुम्हाला मनातल्या मनात थँक्यू म्हणेल. आणि मेसमध्ये कोणाचे ६०० रुपये वाचले, तर तो तुम्हाला एक कटिंग तरी नक्की पाजेल!